पोटाचा हिशेब

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेचा दिवस होता. चकल्यांचा शेवटचा घाणा उतरवून मी डबे भरायला बसले होते. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे एक डबा मावशींसाठी वेगळा काढला आणि चांगला गच्च भरला. मावशी म्हणजे आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई. अकरा वर्षे येत आहेत. मी डबा पुढे केला, तशी त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण फराळ नको. त्याच्याऐवजी तेलाची पिशवी द्याल का?"

मला राग आला नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. दोन दिवस कंबर मोडून फराळ करावा आणि बाईंनी तेल मागावे! मी कपाटातली पिशवी काढून दिली. तोंडाने काही बोलले नाही. पण कपाळावरची आठी मावशींना दिसलीच असणार. त्या आठीबद्दल मला पुढे वर्षभर जे शिकावे लागले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

मी राहते बदलापूरला आणि मावशी अंबरनाथला. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या वाटेला लागली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके ओळीने येतात. मुंबईकरांच्या लेखी ही 'लांबची' गावे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे. उल्हासनगर ही मूळची युद्धकाळातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ साली छावणीचे शहर झाले. अंबरनाथला काड्यापेट्यांचे, रसायनांचे, संरक्षण खात्याचे कारखाने निघाले. बदलापूर कालपरवापर्यंत भाताच्या खाचरांचे गाव होते. कोणी घरदार गमावून इकडे आले, कोणी दुष्काळाने, तर कोणी मुंबईत जागा परवडेना म्हणून. शेवटच्या वर्गात आम्ही; मधल्या वर्गात मावशी. त्या मूळच्या जालन्याकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या आईने रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि तेथे मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले.

माझे व्याख्यान

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून महिला मंडळांत बोलते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावशींच्या चाळीतल्या बायकांनी मला बोलावले. विषय 'समतोल आहार'. मी रंगीत तक्ता नेला होता. वरण, पालेभाजी, दूध, अंडे, एखादे फळ. कोणत्या पदार्थात लोह, कशात प्रथिने, हे मी शाळेतल्याच उत्साहाने सांगितले. वडापाव आणि चहा यांना चार शब्द सुनावले. बायका मान डोलवीत होत्या. मावशींची सून पुढेच बसली होती. तिला पाचवा महिना होता. चेहरा फिका, पापण्या पांढुरक्या. तिच्याकडे पाहून मी आणखीच जोर लावला.

शेवटी मी विचारले, "काही शंका?" मागून एकीने म्हटले, "बाई, हे समदं खरं हाय. पण शिजवायचं कधी?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण तक्ता गुंडाळताना तो प्रश्न काही केल्या गुंडाळला जाईना. दुसऱ्या दिवशी मावशी कामाला आल्या, तेव्हा मी त्यांना प्रथमच खाली बसवून विचारले, "मावशी, तुमचा दिवस कसा जातो, ते जरा सांगा बरे."

एका दिवसाचे गणित

पहाटे साडेचारला नळाला पाणी येते, ते तासाभरात जाते. भरायला चुकले तर दिवस कोरडा. पाणी भरून, नवऱ्याचा आणि मुलाचा डबा करून, मावशी सात वाजता घराबाहेर. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी. बटाटा लवकर शिजतो आणि चार पोळ्यांना पुरतो. पाच घरची कामे उरकता उरकता दोन वाजतात. मध्ये स्टेशनजवळ एक वडापाव आणि कटिंग चहा. संध्याकाळी भात आणि त्यावर पातळ आमटी. रात्री सासू-सून जीन्सच्या पॅन्टींचे धागे कापायला बसतात. हा माल उल्हासनगरहून येतो आणि त्याची मजुरी नगावर असते. आधी पुरुष जेवतात, मग नातू, मग सासू आणि उरेल त्यात सून.

"मटकी भिजवा, मोड आणा," असे मी व्याख्यानात सांगितले होते. मोड आणायला पाणी लागते, उसळ शिजवायला गॅस. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा; त्याचे सगळे पैसे एकदम मोजावे लागतात. तेवढे हाताशी नसले, की छोट्या बाटल्यात किलोवर भरून घ्यायचा, आणि तो किलोला महाग पडतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला गॅस महाग! तेलाचेही तसेच. आम्ही महिन्याचे एकदम आणतो. मावशी दहा-वीस रुपयांचे आणतात. महिन्याची बेरीज केली, तर त्यांचे तेल आमच्याहून महाग. वर उधारी असली, की दुकान बदलता येत नाही. तो देईल तो माल, तो सांगेल तो भाव.

आता मला तेलाच्या पिशवीचा उलगडा झाला. फराळाचा डबा दोन दिवसांत संपतो. तेलाची पिशवी घरात असली, की पंधरा दिवस दुकानदारापुढे मान खाली घालावी लागत नाही. मावशींनी माझ्या चकल्यांचा अपमान केला नव्हता. त्यांनी पंधरा दिवसांची मोकळीक मागितली होती.

आणि तो वडापाव! मी त्याला नावे ठेवली खरी. पण त्या पैशात, ना गॅस लागता, ना भांडे घासावे लागता, चार तास पोट गप्प बसवणारे दुसरे काय मिळते? मावशींच्या नातवाच्या हातात नेहमी पाच रुपयांचे चटपटीत पाकीट असते. मी एकदा रागावले, तर त्या म्हणाल्या, "ताई, दिवसभर त्याला नाहीच म्हणत असते. पाच रुपयांत एकदा तरी हो म्हणता येतं."

असे पाहणारी मी काही पहिली नव्हे. १९३७ साली जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने आपल्याच देशातल्या बेकार खाणमजुरांबद्दल हेच लिहिले होते: बेकार माणसाला सकस पण बेचव अन्न नको असते, त्याला काहीतरी चवदार हवे असते. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी (त्यांच्या आई माहेरच्या पाटणकर, मराठी) यांनी एस्थर डुफ्लो यांच्यासह २०११ साली लिहिलेल्या पुस्तकात मोरोक्कोतला एक माणूस आहे. खायला पुरेसे नाही, पण घरात दूरचित्रवाणी संच! कंटाळवाण्या, कष्टाच्या जगण्यात जराशी गोडी ही चैन नसून गरज असते, हे त्यांनी तिकडे पाहिले आणि मला ते पाच रुपयांच्या पाकिटात दिसले.

रेशनचे धान्य आणि माणसाची भूक

"रेशन मिळते ना? मग अडचण कसली?" असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणत असे. मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य ठरवून दिले आणि २०२३ पासून ते मोफत झाले. हे फार मोठे काम आहे, यात शंका नाही. टाळेबंदीच्या दिवसांत किती घरांच्या चुली त्यावर पेटल्या, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक मिळतात. शहरातल्या माणसासाठी नियोजनकारांनी १९७९ साली रोजचे २१०० उष्मांक धरले होते. म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक. मावशींच्या घरात मोठी माणसे चार आणि थोरल्या लेकीचा एक मुलगा, अशी पाच तोंडे. कार्डावर नावे तीन. सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावर, नातवाचे बापाच्या गावी. तिघांचे धान्य पाचांत वाटले, की माणशी रोजचे शंभर ग्रॅम. डाळ, तेल, भाजी, दूध यांची सोय त्या कायद्यात नाहीच. ते सारे विकतचे.

दारिद्र्याची रेषा उष्मांकांवर मोजण्याचे काम आपल्या पुण्यातच गाजले. गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली २२५० उष्मांकांचा हिशेब धरून दाखवले, की १९६०-६१ च्या भावांनी शहरात माणशी महिना साडेबावीस रुपये आणि खेड्यात पंधरा रुपये लागतात; आणि तेवढेही न मिळवणारे लोक देशात कोट्यवधी आहेत. उष्मांकांनी पोट भरले की नाही, ते कळते. रक्त भरले की नाही, ते कळत नाही.

मावशींच्या आईच्या घरी ज्वारी-बाजरीची भाकरी होती. सोबत शेतातली घोळ, तांदुळजा अशी फुकटची भाजी. अंबरनाथला आल्यावर भाकरी सुटली. कारण रेशनला मिळाले तांदूळ आणि गहू. आता दुकानात ज्वारी गव्हाहून महाग आहे. डॉक्टरांनी मधुमेहासाठी सांगितली म्हणून आमच्या इमारतीत ती घरोघर येते. जी भाकरी गरिबाची म्हणून आपण एकेकाळी ताटातून दूर केली, ती आज गरिबाला परवडत नाही!

कारखान्यांचेही असेच बदलले. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उपाहारगृह चालवण्याची तरतूद होती. मावशींचे सासरे कायम नोकरीत होते; दुपारचे गरम जेवण त्यांना तेथे स्वस्तात मिळे. मुलगा कंत्राटदाराकडे आहे, नवराही. आज या फाटकात, उद्या त्या. पगार कमी झाला, हे सर्वांना दिसते. दुपारचे ताट गेले, हे कोणी मोजत नाही.

लाल गोळ्या

फेब्रुवारीत मावशींनी सुनेचा कागद माझ्यापुढे ठेवला. रक्तातले हिमोग्लोबिन आठ. गरोदरपणी ते अकराच्या खाली गेले, की रक्तक्षय धरतात. सरकारी इस्पितळातून लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या होत्या, फुकट. मी तपासले तर गोळ्या तशाच. मी तिला बोलावून घेतले आणि जरा कडक आवाजातच विचारले, "गोळ्या का घेत नाहीस?"

ती खाली पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, गोळी घेतली की मळमळतं. आणि मग लई भूक लागते. भूक लागली तर खाऊ काय?"

माझ्या तक्त्यात या प्रश्नाला जागा नव्हती. औषध फुकट होते. पण ते पचवायला लागणारे अन्न फुकट नव्हते.

तिची पुढची तपासणी चुकली होती. का चुकली, हे मी विचारले तेव्हा सून गप्प राहिली आणि मावशींनी विषय बदलला. रात्री मी सहज माझी हिशेबाची वही उघडली. जानेवारीच्या पानावर मावशींच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'खाडे ४'. चार दिवसांचे पैसे मी कापले होते. त्यांतले तीन दिवस सुनेला घेऊन इस्पितळात रांगेत उभे राहण्यात गेले होते, आणि तसे त्यांनी मला सांगितलेही होते. "बरे, बरे," म्हणून मी पैसे मोजून दिले होते. इस्पितळात पैसे पडले नाहीत, पण माझ्या घरी पडले. चौथी तपासणी का झाली नाही, ते मला कळले. मी 'समतोल आहार' शिकवत होते आणि माझ्याच वहीने त्या पोरीच्या ताटातले काढून घेतले होते.

हा प्रश्न एका चाळीचा नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत ३५ वयाच्या मानाने खुजी. त्या चौपन्नांत तुमच्याआमच्या लेकीसुनाही असणार. शेवटी जेवणे आणि उरलेसुरले खाणे, ही रीत केवळ गरिबांघरची नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांहून बरेच कमी. पण नवल असे, की दिसायला काटकुळ्या या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचा वाटा त्या मानाने जास्त. पुढे मधुमेहाचे बीज तेथेच पडते, असा त्यांचा कयास. ज्या मातांच्या जेवणात हिरवी पालेभाजी, फळे, दूध वारंवार होते, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी 'सरस' नावाच्या प्रयोगात पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज दिला. खाऊ खाणाऱ्यांत गरोदरपणीचा मधुमेह शंभरात बारावरून सातावर आला. मला त्यातली एक गोष्ट मोठी वाटली. त्यांनी बायकांना नुसता उपदेश केला नाही. हातात खाऊ ठेवला.

मग काय केले?

फार मोठे काही केले नाही. पहिले म्हणजे वहीतून 'खाडा' हा शब्द काढला. इस्पितळाच्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत, महिन्याला दोन हक्काच्या सुट्या द्यायच्या आणि पगार दहा तारखेऐवजी एक तारखेला करायचा. पगार दहाला होत असे, तेव्हा पहिले दहा दिवस मावशी उधारीवर काढत. उधारी म्हणजे महाग माल. तारीख बदलायला मला एक पैसा खर्च आला नाही. हे अकरा वर्षे सुचले नव्हते.

दुसरे मावशींना सुचले. चाळीतल्या पाच घरांनी मिळून कल्याणहून तेलाचा पंधरा लिटरचा डबा आणला. मी मावशींचा वाटा उचल म्हणून दिला. तो त्यांनी तीन महिन्यांत फेडला. मग त्याच पाचजणींनी डाळीचे ठरवले. एका घरच्या मोठ्या कुकरात पाच घरची तूरडाळ, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. गॅस एकदाच जळतो आणि आमटी पातळ करावी लागत नाही. "शिजवायचं कधी?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या तक्त्यात नव्हते, ते विचारणारीनेच काढले.

आणि सून रोज अकरा वाजता माझ्याकडे येऊ लागली. मी मदतीला बोलावते, असे म्हणायचे. प्रत्यक्षात आम्ही दोघी जेवत असू. वरणभात, लिंबाची फोड, एक अंडे, बदलापूर स्टेशनाबाहेर आदिवासी बायका घेऊन बसतात ती पालेभाजी. गोळी जेवणानंतर, चहा मात्र तासभर लांब, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. भरल्या पोटी तिला मळमळले नाही. आठवा महिना संपताना हिमोग्लोबिन दहाच्या जवळ आले.

मे महिन्यात मुलगी झाली. वजन दोन किलो चारशे ग्रॅम. अडीचच्या खाली, म्हणजे कमीच. मला वाईट वाटले. पाच महिने गेल्यावर जागे होऊन किती भरून निघणार? मावशींना मात्र काही कमी वाटले नाही. "रडते कशी खणखणीत, बघा!" म्हणाल्या. मी बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू नेले होते. तो डबा पहिल्या पावसानंतर परत आला, तेव्हा त्यात टाकळ्याची निवडलेली कोवळी भाजी होती. भरला डबा रिकामा परत करू नये, ही रीत काही केवळ आमच्याच घरची नाही.

यंदा वसुबारसेच्या आधीच मी तेलाची पिशवी आणून ठेवली. मावशी आल्या, तशी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, वजन पाहिल्यासारखे केले आणि परत ओट्यावर ठेवली.

"यंदा तेल आहे घरात, ताई," त्या म्हणाल्या. "यंदा फराळ द्या. आणि चकल्या जरा जास्त घाला. सुनेला लई आवडतात."